भिंतीवरचा बाप

१४ जून २००६
शूटिंग नाही. या महिन्यात एकदाही नाही. तरी दाढी केली. दाढी वाढली की आमची ही, कावेरी, म्हणते, "आजारल्यागत दिसतांय हो. बोलवायचं होतं तेही बोलवायचे नाहीत."

दुपारी फोन आला, नुंगंबाक्कमच्या ऑफिसात या. गेलो. डायरेक्टर तिशीच्या आतला, छपराखाली बसूनही डोक्यावर टोपी. नाव लांबलचक आहे, इथे नुसता टोपी लिहीन. म्हणाला, "राव सार, या रोलसाठी तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा विचारच केला नाही." म्हणजे आधी दोघे तरी नाही म्हणाले असणार.

रोल बापाचा. एन्नोरच्या वीजकेंद्रात हयात घालवलेला कारकून. सिनेमा सुरू होतो तेव्हा बाप मेलेला आहे, पण फ्लॅशबॅकमध्ये त्याचा एक सीन. एकच, पण चार पानांचा. हीरो म्हणजे मुलगा. मोठा माणूस होऊन घरी येतो. आई गेली तेव्हा आला नव्हता. बाप त्याला पानावर बसवतो, भात वाढतो, रसम वाढतो, आणि वाढता वाढता सांगतो की या घरातलं तुझं हे शेवटचं जेवण. आवाज चढवायचा नाही. रडायचं नाही. वाढत राहायचं.

कागद मी दोन्ही हातांनी घेतले. टोपीच्या लक्षात आलं नाही, तो मोबाइलवर बोलत होता.

१५ जून
मी या धंद्यात आजवर केलं काय? डॉक्टर. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर यायचं, चष्मा काढायचा, मान हलवायची. संवाद नाही, कारण मान हलवून भागतं. जज्ज. दोनदा हातोडा आपटायचा. मुलीचा बाप. मांडवात हात जोडून उभं राहायचं. कलेक्टर, बँक मॅनेजर, शाळेचा हेडमास्तर. चाळीसेक वर्षं हेच. बाजारात लोक थांबवतात, "सार, तुम्ही ते... ते..." मी म्हणतो, होय, तेच. पुढे कोणाला काही आठवत नाही. रेशनच्या रांगेतल्या एका बाईंनी मला गुडघा दाखवून औषध विचारलं होतं. सांगितलं मी. आता निदान गुडघ्याचं तरी कळायला हवं.

चार पानं मला कधी कोणी दिली नव्हती. सगळे सिनेमे मिळून तरी चार पानं होतील का, शंका आहे.

प्रतापला तांबरमला फोन केला. "गुड, अप्पा. ए.सी. गाडी पाठवणार आहेत ना?" मुलाने एवढंच विचारलं.

हे मराठीत लिहितो ते बरं आहे. प्रताप तमिळ शाळेत शिकला, त्याला ही अक्षरं येत नाहीत, आणि हिला चष्म्याशिवाय दिसत नाही.

१८ जून
तालीम. कावेरी जेवते, मी वाढतो. ती मुलगा, मी बाप. पहिल्या दिवशी नुसती हसत होती. आज म्हणाली, "रसम वाढतांना बोलूं नोको. आधी वाढा, मग बोला. हात हालतो, बोलणं पण हालतं." बरोबर आहे तिचं. चाळीस वर्षांत मला कोणत्याही डायरेक्टरने इतकं सांगितलं नाही.

दुसऱ्या पानावर "तुझ्या आईने विचारलं" असं वाक्य आहे. तिथे थांबायचं असं माझं मी ठरवलं. किती थांबायचं ते ठरत नाही. आज थांबलो तेव्हा कावेरीने घास हातात धरून वर पाहिलं. मग म्हणाली, "बस. एवढंच."

दोन वेळा जेवते बिचारी माझ्या तालमीपायी.

२४ जून
आधी फोटो, म्हणे. आजच्या काळातले सीन आधी घेणार, त्या घरात बापाचा फोटो भिंतीवर हवा. वडपळनीच्या स्टुडिओत गेलो. पांढरा शर्ट, कपाळाला विभूती. फोटोग्राफर म्हणाला, "जरा हसा, फार नको, गेलेला माणूस हसतो तितकं." तसं हसलो. त्याने मान डोलावली. मला वाटतं या वर्षात कोणी केलेलं माझं एवढंच कौतुक.

फ्रेम तयारच होती. प्रॉडक्शन मॅनेजर मुरुगेसनने माझ्यासमोर फोटो बसवला, काचेवर कुंकवाचा टिळा लावला, चंदनाचा हार घातला, खाली लाल झीरोचा दिवा. लांब जाऊन पाहिलं, म्हणाला, "सूपर, सार!"

मी फ्रेमकडे पाठ केली. पण सीनसाठी करायलाच हवं. फोटो नाही तर फ्लॅशबॅक नाही. घरी सांगितलं नाही.

३ जुलै
सांगायची गरज उरली नाही. टोपीची असिस्टंट सुगंधी, चांगली मुलगी, मला 'राव अप्पा' म्हणते. तिने प्रेमाने त्या फोटोची प्रत घरी पाठवली. हारासकट. मी दुकानात गेलो होतो. कावेरीने पाकीट उघडलं.

परत आलो तर फोटो तांदळाच्या डब्याखाली उपडा. ही स्वयंपाकघरात, पाठ माझ्याकडे.

"मज सांगितलं नाहीत."

"अगं, सिनेमा आहे."

"सिनेमा आहे तें ठाऊक आहे मज. हांसलेत काय?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. आमच्या धंद्यातली रीत. पडद्यावर मेलेला माणूस शॉट संपला की उठून बसतो आणि कॅमेऱ्यात बघून हसतो. कॅमेरा चालू ठेवून. तेवढी फिल्म वाया जाते, पण पै-पै मोजणारा प्रोड्यूसरसुद्धा तिथे हात आखडत नाही. हसल्याशिवाय तिरडीवरून उठायचं नाही, मेकअप उतरवायचा नाही. आमचं लग्न नवं असताना मी एक प्रेत केलं होतं. हसून उठलो हे घरी येऊन हिला सांगितलं, तेव्हा हिने देवापुढे दिवा लावला होता. हिच्या सगळं लक्षात आहे.

म्हटलं, "फोटो आहे गं. फोटोतला माणूस उठून कसा हसेल?"

"फोटो कशास हांसतो? तुम्ही हांसा की."

जेवण वाढलं आणि आत जाऊन पडली. तालीम नाही.

१६ जुलै
एन्नोरचं शूटिंग पुढे गेलं. हीरोच्या तारखा नाहीत. मुरुगेसन म्हणतो, "सार, तुम्ही रिलॅक्स राहा." मी गेलं वर्षभर रिलॅक्सच आहे.

एक बरं झालं. टीव्हीच्या एका सीरियलवाल्यांनी विचारलंय. रोज दुपारी लागणार, त्यातले आजोबा. सप्टेंबरपासून, महिन्याचे पंधरा दिवस काम. कळवू म्हणाले. कावेरीला सांगितलं. "सीरियलमधे जिते असतांय ना?" होय म्हटलं. मग तालमीला बसली. तिचा राग खरा आहे, पण चार पानं तिलाही सोडवत नाहीत.

६ ऑगस्ट
एन्नोरचं शूटिंग होऊन गेलं. मला कळलं ते सुगंधीकडून. बंदर, खाडी, वीजकेंद्राच्या चिमण्या, सगळं घेतलं. हीरो मोटरसायकलवरून धुरातून येतो. बाप नव्हता.

"राव अप्पा, तुमचा सीन सेटवरच घेणार आहेत, घराच्या," ती म्हणाली. बोलताना चपलेच्या पट्ट्याकडे पाहत होती. मी माणसांच्या तोंडावर मरणाच्या बातम्या सांगून पोट भरलं आहे. पट्ट्याकडे पाहणं म्हणजे काय ते मला कळतं.

तालीम चालू. पाठ तर कधीच झालंय. आता हिलाही पाठ आहे.

२२ ऑगस्ट
गेला सीन.

ऑफिसात बोलावून सांगितलं, एवढी मेहेरबानी. टोपी म्हणाला, "सार, लेंग्थ वाढतेय. फ्लॅशबॅक आला की पिक्चर स्लो होतो. पण तुम्हाला एक सांगू? तुम्ही सगळ्या पिक्चरभर आहात. हॉलमधला प्रत्येक सीन तुमच्या फोटोखाली. हीरोइन रडते तुमच्यासमोर, व्हिलन येतो तुमच्यासमोर. इतका स्क्रीन टाइम हीरोलापण नाही, सार!"

त्याला हे खरंच चांगलं वाटत होतं. मी "थँक्स" म्हणालो. थँक्स! बाहेर जिन्यात आल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आयुष्यभर हेच. कोणी लाथ घातली तरी मी हात जोडून उभा. मुलीचा बाप इतका केला की अंगातच मुरलाय.

कावेरीला सांगितलं. तिने पान घेतलं, भात घेतला, रसम स्वतःच वाढून घेतलं.

९ सप्टेंबर
दिवाळीला रिलीज, म्हणून टीव्हीवर ट्रेलर सुरू. हीरोइन रडत रडत "अप्पा!" म्हणते, आणि मग मी. अख्खा पडदा भरून. हार, टिळा, लाल दिवा. इतका मोठा चेहरा माझा कोणी कधी दाखवला नव्हता. डोळ्यांखालच्या सुरकुत्यासुद्धा मोजाव्यात.

सकाळी मी आंघोळीला होतो तेव्हा वरदनचा फोन. वरदन म्हणजे जन्माचा सोबती. मी डॉक्टर तर तो जज्ज, तो डॉक्टर तर मी जज्ज. फोन हिने घेतला.

"अम्मा, मला आत्ताच कळलं. कसं झालं हो? त्रास झाला का?"

"कसलं कसं? आंघोळ करतांय ते."

मग तो हसला, ही हसली नाही. मी टॉवेल गुंडाळून फोनवर आलो. वरदन अजून हसत होता. मग हळूच म्हणाला, "राव, एक सांगतो, रागावू नको. त्या सीरियलवाल्यांनी आजोबांचा रोल मला दिला. मी विचारलं, राव सार होते ना? तर मॅनेजर म्हणाला, ते गेले की, ट्रेलरमध्ये फोटो आहे."

१० सप्टेंबर
सीरियलच्या ऑफिसात स्वतः फोन केला. कोण बोलतंय? मी नाव सांगितलं. पलीकडच्याने नाव पुन्हा विचारून घेतलं, मग म्हणाला, "सॉरी सार, मिस्टेक झाली. पण आता वरदन सारांचे दोन दिवस शूट झालेत." मिस्टेक. एवढा मोठा धंदा, आणि कोणी एक फोन लावून विचारलं नाही की माणूस आहे की गेला. फोटोला हार आहे म्हणजे गेला. खरंय, दुसऱ्या कोणाच्या फोटोला हार पाहिला असता तर मीही विचारलं नसतं.

प्रताप म्हणाला, "अप्पा, अडुसष्ट वर्षं झाली तुम्हाला. सोडा आता. तांबरमला या, आराम करा." आराम! भिंतीवर आरामच चाललाय माझा.

कावेरी सकाळपासून एकच, "जाऊन हांसून या. तेवढं करा. मज दुसरं काही नोको." तिचे डोळे भरले होते. मी चिडलो, ओरडलो. मग वाईट वाटलं. तिने माझ्याजवळ आजवर फार काही मागितलेलं नाही.

१९ सप्टेंबर
आज घराच्या सेटचा शेवटचा दिवस, असं सुगंधीने कळवलं होतं. हिच्यासाठी गेलो. गेटवरच्या गुरख्याने सोडलं नाही. कोण तुम्ही? म्हटलं, आत भिंतीवर टांगलाय तो. त्याला वाटलं डोक्यावर परिणाम झालाय. सुगंधी येऊन घेऊन गेली.

मागे अंधारात उभा राहिलो. हीरोइन माझ्या फोटोसमोर रडत होती. चांगली रडते पोरगी. कट झाल्यावर तिने फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही, आरसा मागितला.

मग पेरुमाळने मला पाहिलं. म्हातारा लाइटमन, माझ्या बरोबरीचा. मी प्रेत केलं होतं त्या सेटवरही होता. हातातली केबल टाकून दोन पावलं मागे. "अय्यो, राव सार!" जवळ येऊन माझा हात दाबून पाहिला. मग सगळ्यांसमोर रडायला लागला. गेला महिनाभर हा माणूस पहिल्या शॉटआधी माझ्या फोटोपुढे कापूर लावत होता. सगळ्यांना वाटलं, सेटची पूजा. तो माझ्यासाठी लावत होता.

रडून झाल्यावर चिडला. टोपीला म्हणाला, "जित्या माणसाला हार घातलात, आणि हसवलं नाहीत?" टोपीला ही रीतच माहीत नाही. तो म्हणाला, फोटोच तर आहे. पेरुमाळ म्हणाला, "मग तुमचा कोहळा तुम्हीच फोडा." सेट मोडताना कोहळा फोडल्याशिवाय दिवा विझवायचा नाही, ही तर टोपीलाही माहीत असलेली रीत. दुसरे लाइटवाले हात बांधून उभे राहिले. मुरुगेसन टोपीच्या कानाशी लागला. शेवटी टोपी म्हणाला, "ओके, ओके. एक शॉट. सार, पटकन हसा."

लाइट जेवणाच्या टेबलावर होता, म्हणून मला तिथेच उभं केलं. टेबलावर मघाच्या सीनचं पान, भाताची भांडी, रसमचं पातेलं. गार झालेलं. कॅमेरामन म्हणाला, रोलिंग. टोपी म्हणाला, "हसा, सार."

मी हसणार होतो. खरंच. कावेरीसाठीच गेलो होतो.

पण समोर खुर्ची होती. सुगंधी तिथे बसून काहीतरी लिहीत होती, उठायला निघाली. मी तिला म्हणालो, "बस. जेवून जा." पहिलं वाक्य. तिने ओळखलं. ती बसली.

भात वाढला. मग बोललो. रसम वाढलं. मग बोललो. आधी वाढायचं, मग बोलायचं. हात हलला नाही. "तुझ्या आईने विचारलं" तिथे थांबलो. सेटवर पंखासुद्धा नव्हता, नाहीतर त्याचा आवाज आला असता. पुढचं बोललो. चारही पानं. शेवटचं वाक्य बोलून पान उचललं. सुगंधीने तोंडावर हात धरला होता.

कट कोणी म्हटलं नाही. टोपीने नाही, म्हणून कॅमेरामनने थांबवला नाही. शेवटी कॅमेऱ्याच्या डब्यातली फिल्म संपली तो आवाज आला.

टोपीने टोपी काढली होती. डोक्यावर केस कमी आहेत त्याच्या. टोपी हातात घेऊनच जवळ आला. मग म्हणाला, "सार, हसायचं राहिलं."

फिल्म संपली होती. पेरुमाळने कोहळा फोडला. तो म्हणाला, चालेल.

२० सप्टेंबर
काल घरी आल्यावर हिने दारातच विचारलं. हांसलेत? नाही म्हटलं. सीन केला.

"सगळा?"

"सगळा."

"आईच्या ठिकाणी थांबलेत?"

"थांबलो."

ती दाराला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "मग हांसला नाहीत तरी असूं दे." एवढं म्हणून आत गेली. भांडी घासताना रडत होती, नळाचा आवाज मोठा करून. मी आत गेलो नाही. मीही रडत होतो.

३ ऑक्टोबर
आयुधपूजा झाली. कोणाचा फोन नाही. टोपीला दोनदा केला. मीटिंगमध्ये आहेत. सुगंधी दुसऱ्या पिक्चरवर मदुरैला गेली. जाताना फोन केला तिने, "राव अप्पा, मला काही माहीत नाही, पण ती फिल्म लॅबमध्ये गेलीय एवढं खरं." लॅबमध्ये सगळंच जातं. कचऱ्यात जायचं तेही आधी लॅबमध्येच जातं.

उगाच केलं असं वाटतं. हसलो असतो तर निदान हिचं मन शांत झालं असतं. आता ना हसू, ना सीन. माझा स्वभाव नडतो. आयुष्यभर सांगितलं तेवढंच केलं, आणि एकदाच न सांगितलेलं केलं ते असं.

ट्रेलर अजून लागतो. कोपऱ्यावरचा चहावाला मला चहा देताना थोडा लांबून देतो.

६ ऑक्टोबर
वरदन येऊन बसला. सीरियलमध्ये रोज काम आहे, चेहरा उजळलाय. तो काही वाईट माणूस नाही, पण आज मला बघवत नव्हता. बोलता बोलता म्हणाला, "तुझ्या त्या टोपीवाल्याने मला बोलावलं होतं. एक दिवसाचं काम, बापाचं, फ्लॅशबॅक आहे म्हणाला. सीरियलच्या तारखा होत्या, बघतो म्हणालो." माझं तोंड पाहून कॉफीचा पेला उचलला.

म्हणजे सीन परत आला. माझ्यासकट की माझ्याशिवाय?

फोटो माझा आणि बाप वरदन? असं कसं करतील, असं मी म्हणालो. वरदन म्हणाला, "फोटो बदलायला काय लागतं, राव? कॉम्प्युटर आहेत आता." त्याने 'हो' म्हटलं की 'नाही', हे मी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही. कॉफी न संपवता गेला.

१० ऑक्टोबर
सकाळी मुरुगेसनचा फोन. "सार, गुरुवारी डबिंग. दहा वाजता या."

फोटोला डबिंग लागत नाही. इतकं तर मलाही कळतं.

विचारलं, "किती डायलॉग आहेत?"

"बरेच आहेत म्हणाले."

"माझ्या सीनला ना? मी सेटवर केला तो?"

"मला तेवढं माहीत नाही, सार. डायरेक्टर म्हणाले, राव सारांचा आवाज पाहिजे. तुम्ही या."

आवाज पाहिजे. राव सार पाहिजेत असं नाही म्हणाला. पूर्वी दोन-तीनदा दुसऱ्याच्या तोंडाला आवाज दिलाय मी, नाव न घेता. तसं असेल. किंवा नसेल. वरदनला फोन करून विचारता येईल. नंबर काढला, लावला नाही.

कावेरीने मिरी कुटायला घेतली, घशासाठी. म्हणाली, "जाणार ना?" तिने दुसरं काही विचारलं नाही. आता तीही विचारायला भिते.

जाणार. आधी काचेपलीकडच्या पडद्यावर कोण वाढतंय ते बघीन. मग तोंड उघडीन.